बाळाबाईचे चारशे पापड

"काय वं सर, तुमचा पाहुणा सांगलीकराच्या पंगतीला कसा जेवायला बसला?"

असं म्हणून भूपाल अण्णांनी एक पुस्तक टेबलावर आपटलं. माझ्या बशीतला चहा प्रुफांवर सांडला. एरवी प्रुफांवर पाण्याचा थेंब पडला तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस, पण आज त्यांचं तिकडं लक्षही गेलं नाही. ते हेर्लेकर सरांकडं बघत उभे होते. दुपारचे अडीच वाजले होते आणि खाली छपाईचं यंत्र खडखडत होतं.

ही शहाऐंशी सालातली, कोल्हापुरातली गोष्ट. अण्णा बोरगावे नववी-दहावीची 'यशवाट' गाइडं काढायचे. गाइडावर लेखकाच्या जागी 'तज्ज्ञ शिक्षकांचे मंडळ' असं छापलेलं असायचं. इंग्रजीचं हे मंडळ म्हणजे आम्ही दोघं. एक, शाळेतून निवृत्त झालेले हेर्लेकर सर, आणि दुसरी चोवीस वर्षांची मी, सुलभा इंगवले, एम. ए. मंडळाच्या बैठकीला दोन खुर्च्या पुरत होत्या आणि त्यातली एक डुगडुगत होती.

पाहुणा म्हणजे काय ते आधी सांगते. गाइडांच्या धंद्यात सगळे सगळ्यांचं चोरतात. म्हणून अण्णांनी एक युक्ती काढली होती. प्रत्येक लेखकानं उदाहरणांच्या वाक्यांत आपला एक ठरलेला माणूस पेरायचा, जगात कुठंच नसलेला. त्याचं नाव अण्णांच्या लाल वहीत लिहून ठेवायचं. हा माणूस दुसऱ्याच्या गाइडात दिसला की चोर सापडला. माझा पाहुणा होता गडहिंग्लजचे मिस्टर टोपले. ते प्रत्येक काळात काही ना काही हरवत आणि पुढच्या काळात शोधत बसत. सरांचा पाहुणा होती बाळाबाई.

सरांची नजर अधू झालेली होती. त्यामुळं त्यांची प्रुफं मी मोठ्यानं वाचायची आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायची, असा आमचा शिरस्ता. त्यामुळं बाळाबाई मला तोंडपाठ झाली होती. बाळाबाई सकाळपासून एसटी स्टँडवर उभी आहे. पुराचं पाणी ओसरलं असतं तर बाळाबाई आली असती. बाळाबाईनं गाय विकली, कारण तिच्या मुलाला पुस्तकं हवी होती. बाळाबाईला वाचता येत नाही, पण ती पुस्तक उलटं धरत नाही.

"सर, ही बाई कायम राबतच का असते हो?" मी एकदा चिडवलं होतं. "तिला एकदा सिनेमाला तरी पाठवा."

"पाठवू की," सर म्हणाले होते. "भविष्यकाळाचा धडा येऊ दे."

आता ती बाळाबाई सांगलीच्या गाइडात, पान त्रेचाळीसवर, उघडी पडली होती. सांगलीचं पुस्तक आमच्या आधी आठ दिवस बाजारात आलं होतं. अण्णांनी रात्रभर बसून दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली होती. निम्मी उदाहरणं आमची होती. नावं तेवढी बदललेली होती. एक नाव मात्र बदलायचं राहून गेलं होतं.

"मी दिलेलं नाही," सर म्हणाले.

"मग काय बाळाबाई आपल्या पायानं चालत गेली सांगलीला?"

"मला माहीत नाही, अण्णा. पण मी दिलेलं नाही."

"मागच्या महिन्यात मिरजंला गेल्तासा."

"डोळे दाखवायला गेलो होतो. तुम्हीच रजा दिलीत."

"दिली की. मिरजंहून सांगली किती लांब वं? सायकलवर पोर जातंय तेवढी."

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा घातला. त्या चष्म्यातून त्यांना किती दिसायचं कुणास ठाऊक, पण चिडले की ते तसं करायचे.

अण्णा जिन्याच्या तोंडाशी गेले. "दौलूतात्या, मशीन बंद करा!" ते ओरडले. "सरांचं पुस्तक थांबवा. शेवटचा फॉर्म छापायचा न्हाई."

यंत्र दोन-चार वेळा खडखडलं आणि थांबलं. त्या खोलीत मी दोन वर्षं काम करत होते, पण एवढी शांतता मी तिथं कधी ऐकली नव्हती.

आता हे सरांचं पुस्तक काय होतं तेही सांगायला हवं, कारण त्या दुपारी सगळा जीव त्यातच अडकला होता. सरांनी तीस वर्षं मंडळाच्या नावानं गाइडं लिहिली. स्वतःचं म्हणून त्यांनी एकच पुस्तक लिहिलं होतं, खेड्यातल्या पोरांसाठी, इंग्रजी कसं वापरावं याचं. ते लिहायला त्यांना अकरा वर्षं लागली होती. अण्णा दर वर्षी "पुढच्या साली बघू" म्हणायचे आणि त्या वर्षी कधी नव्हे ते हो म्हणाले होते. कव्हरवर नाव येणार होतं 'स. गो. हेर्लेकर'. सोळा-सोळा पानांचे नऊ फॉर्म छापून खाली गोडाऊनमध्ये रचून ठेवले होते. राहिला होता तो फक्त पहिल्या पानांचा फॉर्म. छापखान्याची रीतच अशी की पुस्तकाची पहिली पानं सगळ्यात शेवटी छापायची. त्या फॉर्मची प्रुफं तेवढी सरांनी मला वाचायला दिली नव्हती. "त्यात काय असतंय? नाव आणि पत्ता," म्हणाले होते आणि दौलूतात्यांबरोबर भिंगाखाली धरून त्यांनी ती स्वतःच तपासली होती.

"पाच वाजता रद्दीवाला येतोय," अण्णा म्हणाले. "जुनी गाइडं न्यायला बोलावलाय त्याला. पाचच्या आत मला सांगायचं, कुणाला दिलं आणि का दिलं. सांगितलं तर आपण दोघं बघू काय ते. न्हाई सांगितलं तर तुमचे नऊ फॉर्म त्याच गाड्यावर घालतो. मग पुड्या बांधाय्‌ला घेऊ देत भेळवाले."

ते आपल्या काचेच्या खोलीत जाऊन बसले. दार मात्र उघडं ठेवलं.

आणि मी? मी सांडलेला चहा पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते. कारण सांगलीचं ते पुस्तक मी लिहिलं होतं.

पैशाचं म्हणाल तर त्यांनी देऊ केले ते रिक्षाला पुरले असते. माझी हाव वेगळी होती. सांगलीच्या प्रकाशकानं माझ्या मावसभावाकडून निरोप धाडला होता, आमच्याकडं मंडळबिंडळ काही नसतं, कव्हरवर तुमचं नाव घालू. सुलभा इंगवले, एम. ए. मी ते नाव वहीच्या मागच्या पानावर वीस वेळा लिहून बघितलं होतं. तीन रविवारांत नव्वद पानं हवी होती. मी हो म्हणाले.

मी चोरी केली असं मला वाटतच नव्हतं, हे खरं सांगते. समोर 'यशवाट' उघडून मी एक ओळ उतरवून घेतली नव्हती. उलट माझा पहिला रविवार फार चांगला गेला, एकेका वाक्याला मी विचार केला. दुसऱ्या रविवारी हात चालू लागला. तिसऱ्या रविवारी पस्तीस पानं राहिली होती आणि हात आपोआप चालत होता. दोन वर्षं मोठ्यानं वाचलेली वाक्यं एकामागून एक बाहेर पडत होती आणि मला ती माझीच वाटत होती. कुठं ओळखीचं नाव दिसलं तर मी खोडून रमेश नाहीतर सुरेश केलं. एवढी मी हुशार. पान त्रेचाळीसवर ही हुशारी झोपली.

आणि पुस्तक आलं तेव्हा कव्हरवर काय होतं? 'अनुभवी शिक्षकांचे मंडळ'. आठ दिवस मी त्या सांगलीकराच्या नावानं बोटं मोडत होते. आता त्याच मंडळानं मला वाचवलं होतं. माझं नाव कुठंच नव्हतं, म्हणून माझ्यावर कुणाचा संशय नव्हता.

"सुलभा," सर म्हणाले.

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं.

"पाच वाजायला वेळ आहे. नववीचं प्रूफ राहिलंय ना? वाच."

"आत्ता, सर?"

"मग कधी? पोरांची परीक्षा थांबणार आहे का आपल्यासाठी?"

मी वाचायला लागले. सर डोळे मिटून, बोटं पोटावर गुंफून बसले. मध्येच "स्वल्पविराम" म्हणायचे, मध्येच "पुन्हा वाच". रोजच्यासारखंच. मी सारखी खाकरत होते. "सर्दी झालीय का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "आल्याचा चहा घे," ते म्हणाले. ज्या माणसाची अकरा वर्षं दोन तासांत रद्दीत जाणार होती तो मला आल्याचा चहा घ्यायला सांगत होता. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी पुढचं वाक्य वाचलं.

साडेतीन वाजले. अण्णा एकदा दारात येऊन उभे राहिले, आमच्याकडं बघितलं आणि परत गेले. त्यांनाही हे सोपं जात नसावं. तीस वर्षांची सोबत होती. पण धंद्यात एकदा मन मोडलं की अण्णा कुणाचे नव्हते, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

मी मनात जुळवाजुळव करत होते. आत्ता सांगितलं तर नोकरी जाईल. नोकरीचं एक वेळ ठीक, पण नाव जाईल. कोल्हापुरात गाइडवाले सात-आठ, सगळे एकमेकांचे वैरी आणि सगळे एकमेकांच्या कानाला लागलेले. इंगवल्यांच्या मुलीनं मालकाचं मीठ खाऊन सांगलीला माल विकला, हे संध्याकाळपर्यंत रंकाळ्याला पोचलं असतं. ज्या नावासाठी एवढा उपद्व्याप केला ते नाव असं गाजलं असतं. आणि समजा गप्प बसले तर? सर घरी जातील. त्यांना पेन्शन आहे, उपाशी मरणार नाहीत. असा हिशेब मी केला, हे लिहिताना आजही मला माझी किळस येते.

चार वाजता दौलूतात्या वर आले. हाताला शाई, डोक्यावर टोपी. छापखान्यातलं अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून यंत्र चालवण्यापर्यंतचं सगळं तेच बघायचे. ते सरांच्या जवळ वाकले आणि हळू म्हणाले, "सर, फॉर्म मशीनवर तसाच बांधून ठेवलाय. सोडला न्हाई. अण्णांचा राग उतरला तर लगीच चालू करता यील."

"सोडा तो, तात्या," सर म्हणाले. "उगाच शाई वाळेल."

"वाळू दे," तात्या म्हणाले आणि जाताना त्यांनी माझ्याकडं बघितलं. काहीतरी सांगायचं असल्यासारखं बघितलं. मला वाटलं यांना कळलं. आज मला ठाऊक आहे की ते वेगळ्याच कारणानं बघत होते.

पावणेपाचला खाली हातगाडी आल्याचा आवाज झाला. रद्दीवाला वेळेच्या आधी आला होता. तराजूची साखळी वाजली. अण्णा खोलीतून बाहेर आले.

"बोला, सर."

"बोलण्यासारखं काही नाही माझ्याकडं."

"तात्या!" अण्णांनी जिन्यातून हाक मारली. "गोडाऊनची किल्ली घेऊन या वर."

"एक मिनिट," सर म्हणाले. "ज्या वाक्यासाठी माझं पुस्तक रद्दीत चाललंय ते वाक्य तरी मला ऐकू द्या. मला अजून कुणी वाचून दाखवलेलं नाही. सुलभा, ते पुस्तक घे. पान त्रेचाळीस."

अण्णांनी सांगलीचं पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. पानाचा कोपरा दुमडलेला होता आणि वाक्याखाली लाल रेघ होती. मला ती रेघ न बघताही वाक्य म्हणता आलं असतं. इंग्रजीतला तो शब्दप्रयोग होता 'चर्न आउट', आणि मी त्याला दिलेलं उदाहरण होतं, बाळाबाई दिवसाला चारशे पापड 'चर्न आउट' करते.

मी वाचलं.

सर डोळे उघडून म्हणाले, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"अण्णा, हे माझं वाक्य नाही."

"नाव तर तुमच्याच पाहुण्याचं हाय."

"नाव असेल. वाक्य माझं नाही. आपलं गाइड काढा. त्यात काय आहे ते बघा."

अण्णांनी कपाटातून 'यशवाट' काढलं, चष्मा कपाळावर चढवला आणि बोट ठेवून अडखळत वाचलं. सरांचं मूळ वाक्य मलाही तेव्हाच आठवलं. त्यावर आम्ही अख्खी एक दुपार घालवली होती.

"'चर्न आउट' म्हणजे काय गं?" सरांनी त्या दुपारी विचारलं होतं.

"मोठ्या प्रमाणावर माल काढणं," मी फटकन सांगितलं होतं.

"कारखान्याबद्दल बोलत असशील तर बरोबर. कारखाना रोज हजार बादल्या काढतो, ही नुसती माहिती झाली. पण माणसाच्या हातच्या कामाला हा शब्द लावला की त्यात नाक मुरडणं येतं. भराभर काढलं, ढिगानं काढलं आणि काढताना मन कुठं घातलं नाही, असं. पोरांना एवढा अर्थ पाठ असतो, पण कुणाबद्दल वापरायचा नाही ते कुणी सांगत नाही."

"म्हणजे आपण गाइडं काढतो तसं?"

सर खो खो हसले होते. "अगदी तसं. पण ते उदाहरण अण्णा छापायचे नाहीत."

आणि मग त्यांनी वाक्य सांगितलं होतं. बाळाबाई दिवसाला चारशे पापड लाटते, पण ती ते 'चर्न आउट' करत नाही. प्रत्येक पापड ती उजेडाला धरून बघते.

आता तेच वाक्य अण्णांच्या तोंडून ऐकताना माझी चूक मला कळली. मी घाईत त्याचा मागचा अर्धा भाग गाळला होता, आणि त्याच्याबरोबर 'नाही'सुद्धा गेलं होतं.

"दोन्हीत चारशे पापड हायेत," अण्णा म्हणाले, पण आवाज जरा उतरला होता. "एवढ्यातेवढ्या फरकानं काय होतंय?"

सर खुर्चीतून उठले. त्यांना मी कधी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं, आणि तेव्हाही आवाज चढला नाही. तो फक्त कापत होता.

"अण्णा, तीस वर्षं तुम्हाला वाटतंय की बाळाबाई म्हणजे मी काढलेलं एक नाव आहे. वहीत लिहायला एक नाव हवं होतं म्हणून मी ते दिलं. बाळाबाई माझी आई. पापड लाटून तिनं मला मॅट्रिक केलं. दिवसाला चारशे. मी शेजारी बसून अभ्यास करायचो. एक पापड ती न बघता टोपलीत टाकायची नाही. जाड झाला तर मोडून पुन्हा लाटायची. मी म्हणायचो, आई, कुणाला कळतंय? ती म्हणायची, खाणाऱ्याला कळतंय." त्यांनी श्वास घेतला. "तिला मी विकीन असं तुम्हाला वाटलं, ते एक वेळ सोडून देतो. पण तिच्याबद्दल मी असं वाक्य लिहीन?"

किल्ली घेऊन आलेले दौलूतात्या जिन्याच्या वरच्या पायरीवरच थांबले होते. एसटी स्टँडवरची बाळाबाई, पूर ओसरायची वाट बघणारी बाळाबाई, गाय विकणारी, पुस्तक सुलटं धरणारी, सगळ्या मला एकदम दिसल्या. मी त्यांना दोन वर्षं मोठ्यानं वाचलं होतं आणि वर चिडवलं होतं. मला रडू फुटलं. रडत बोलायचं नाही असं ठरवूनही ते रडण्यातूनच बाहेर पडलं.

"अण्णा, सरांनी नाही दिलं. ते मी लिहिलंय. सांगलीचं पुस्तक मी लिहिलंय."

अण्णा काय काय बोलले ते मी इथं लिहीत नाही. सगळं खरं होतं आणि काही शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. शेवटी ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता खाली उतरायचं. पुन्हा हा जिना चढायचा न्हाई." मी पिशवी उचलली.

सर अजून उभेच होते. ते माझ्याकडं बघत नव्हते, खिडकीकडं बघत होते.

"किती दिवसांत लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"तीन रविवार."

"नाव घालतो म्हणाले असतील."

मी मान हलवली. मग त्यांना ते दिसलं नसेल असं वाटून "हो" म्हणाले.

"हं," सर म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "चल, मला खाली न्यायला हात दे. मग जा."

रोज संध्याकाळी मी त्यांना हात देऊन तो अंधारा जिना उतरवायची. त्या दिवशीही उतरवला. तेरा पायऱ्या होत्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता, कारण पडण्याची भीती त्यांना खरीच होती. मला मात्र त्या हाताचा स्पर्श सोसत नव्हता.

खाली दौलूतात्या आमच्या पुढं जाऊन यंत्रापाशी उभे राहिले होते. दारात रद्दीवाला तंबाखू मळत होता. यंत्रावर शेवटचा फॉर्म बांधलेला होता आणि बंद पडायच्या आधी छापलेले दहा-बारा कागद फळीवर पडले होते. तात्यांनी वरचा कागद उचलला, सरांकडं बघितलं आणि मग तो माझ्या हातात दिला.

"आज तुला दाखवायचं ठरलं व्हतं," तात्या म्हणाले. "सर म्हणाल्ते, छापून झाल्यावर दावू."

पहिल्या पानावर पुस्तकाचं नाव होतं, त्याखाली सरांचं. दुसऱ्या पानावर 'बाळाबाईस' एवढा एकच शब्द पानाच्या मधोमध. आणि त्याच्या पुढच्या पानावर, प्रकाशकाच्या पत्त्याच्या वर, एक ओळ होती. 'मुद्रितशोधन आणि उदाहरणांची पारख : कु. सुलभा इंगवले, एम. ए.'

माझं नाव छापलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. शाई अजून ओली होती. माझ्या अंगठ्याला ती लागली.

"सर," मी म्हणाले. "सर, हे काढा."

"मला दिसत नाही," सर म्हणाले. "प्रुफं बघणारी तू आहेस. काय ठेवायचं, काय काढायचं, खूण तूच करायचीस. आजवर तूच करत आलीस."

ते रागानं म्हणाले की मायेनं, हे मी त्या वेळी ओळखू शकले नाही. आजही सांगता येत नाही. त्यांनी खिशातली लाल पेन्सिल काढून पुढं धरली, एवढं खरं. ते ओळ ठेव म्हणाले असते तर मी ठेवली असती, इतकी मी त्या नावाला आसुसलेली होते. ते काढ म्हणाले असते तरी सोपं झालं असतं. त्यांनी दोन्हीपैकी काहीच म्हटलं नाही.

मी कागद यंत्राच्या फळीवर ठेवला. माझ्या नावावरून आडवी रेघ ओढली आणि समासात काढून टाकण्याची खूण केली. ती खूण मी त्या दोन वर्षांत हजारो वेळा केली असेल. एवढी नीट कधीच जमली नव्हती.

दौलूतात्यांनी कागद बघितला, सुस्कारा सोडला आणि चिमटा हातात घेतला. एकेक खिळा उचलून ते पत्र्याच्या ताटलीत टाकू लागले. सु, ल, भा. प्रत्येक अक्षराचा टण् असा आवाज होत होता. सगळी ओळ निघाल्यावर त्यांनी विचारलं, "खालचा मजकूर वर घिऊ का? न्हाईतर हितं जागा मोकळी दिसंल."

"असू दे मोकळी," सर म्हणाले.

तात्यांनी तिथं कोरे तुकडे बसवले, फॉर्म ठोकून घट्ट केला आणि वर अण्णांकडं बघितलं. अण्णा जिन्यात उभे होते. त्यांनी मान हलवली. यंत्र सुरू झालं. दारातल्या रद्दीवाल्यानं ओरडून विचारलं, "माल कुठाय वं, शेट?" अण्णांनी हातातलं सांगलीचं पुस्तक त्याच्या गाडीवर फेकलं आणि म्हणाले, "हा घे. आज एवढाच." मी त्याच्या गाडीला वळसा घालून रस्त्यावर आले.

त्यानंतर मी शाळेत शिकवायला लागले, कागल तालुक्यात, आणि तिथूनच निवृत्त झाले. सर पुढं सहा वर्षं होते. मी त्यांच्या घरी कधी गेले नाही. पुस्तक तेवढं बाजारातून विकत घेतलं. भविष्यकाळाच्या धड्यात, पान एकशे बारावर, पहिलंच वाक्य आहे, बाळाबाई उद्या सिनेमाला जाईल. बत्तीस वर्षं मी त्याच पुस्तकावरून इंग्रजी शिकवलं आणि प्रत्येक पोराची वही उजेडाला धरल्यासारखी तपासली. पोरं म्हणायची, बाई फार वेळ लावतात.

एकदा नववीतल्या एका मुलीनं ते पुस्तक चाळायला घेतलं आणि सुरुवातीच्याच एका पानावर तिचं बोट थांबलं.

"बाई, इथं काहीतरी छापायचं राहिलंय."

मी बघितलं. पत्त्याच्या वर ओळभर जागा पांढरी होती.

"नाही गं," मी म्हणाले. "ते मी तपासलंय. बरोबर आहे."